स्टेंट बसला, पण डोकं?

मानेतल्या धमनीत स्टेंट बसवणं चालू आहे. पडद्यावर मानेतून वर सरकणारी ही बारीक काळी रेघ म्हणजे कॅथेटर, एक लवचीक नळी. जांघेतून आत घातलेला. पेशंट जागा आहे. डॉक्टर मधूनच त्याला नाव विचारतात, हात दाबायला सांगतात. उत्तर आलं, की पुढे.

मानेत बोट ठेवल्यावर ठोका लागतो ती कॅरॉटिड धमनी. तिच्यात चरबीचा थर साचला, की त्याचा तुकडा सुटून मेंदूत अडकू शकतो. मग स्ट्रोक. मानेला छेद देऊन हा थर खरवडून काढायचं ऑपरेशन अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या सर्जन मायकेल डबेकींनी १९५३ साली केलं. स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, बऱ्याच वर्षांनी आला. तो थर काढत नाही, भिंतीशी दाबून धरतो.

आणि दाबतानाच कण सुटतात. म्हणून आधी पलीकडे एक फिल्टर छत्रीसारखा उघडतात. सगळेच कण त्यात अडकतात असं नाही. शिवाय धमनी रुंद करायला आत फुगा फुगवला, की नाडी एकदम मंदावू शकते, कारण रक्तदाबाची खबर ठेवणारे मज्जातंतू नेमके तिथेच असतात. नाडी वाढवणारं औषध, ॲट्रोपिन, तयार ठेवावं लागतं.

मग हे सुरक्षित आहे का? स्टेंट आणि ऑपरेशनची तुलना करणाऱ्या, अमेरिका आणि कॅनडातल्या ‘क्रेस्ट’ चाचणीत २,५०२ रुग्ण होते. २०१० साली निकाल आला. उपचाराच्या काळात स्ट्रोक: स्टेंट घेतलेल्यांत ४.१ टक्के, ऑपरेशन झालेल्यांत २.३. हार्ट अटॅक मात्र उलटा: १.१ आणि २.३. सगळं एकत्र मोजलं, तर दोन्ही उपचार जवळपास बरोबरीत. पण ही बरोबरी मला पटत नाही. त्याच चाचणीत स्ट्रोक झालेल्यांचं रोजचं जगणं वर्षभरानंतरही खालावलेलं दिसलं. हार्ट अटॅकबद्दल तसं ठामपणे म्हणता आलं नाही. सत्तरीपुढे तर ऑपरेशनचंच पारडं जड.

घरचे वेगळंच विचारतात. “बाबांचं डोकं पहिल्यासारखं चालेल ना?”

अशीच तुलना करणाऱ्या ‘आयसीएसएस’ या दुसऱ्या चाचणीत काही रुग्णांचा उपचाराआधी आणि नंतर एमआरआय काढला. स्टेंटच्या १२४ पैकी ६२ जणांच्या मेंदूत नवे ठिपके, म्हणजे रक्त न पोचल्याने झालेल्या बारीक इजा, सापडले, ऑपरेशनच्या १०७ पैकी १८ जणांच्या. बहुतेकांना त्यातलं काहीच जाणवलं नव्हतं.

मग स्मरणशक्तीवर परिणाम? अभ्यास एका सुरात बोलत नाहीत. कुठे सुधारणा, कुठे घसरण, पुष्कळ ठिकाणी फरकच नाही. एकीकडे रक्तप्रवाह वाढतो, दुसरीकडे कण जातात. आणि मोजमापही फसवं. शब्दांची तीच यादी दुसऱ्यांदा विचारली, तर माणूस सवयीनेच जास्त शब्द सांगतो, आणि श्रेय जातं स्टेंटला! उपचार न घेतलेल्यांचीही तशीच परीक्षा घेतल्याशिवाय त्या सुधारणेला फारसा अर्थ नाही.

तेव्हा स्टेंट ठरलाच असेल, तर स्मरणशक्तीची चाचणी आधी करून घ्या. नंतर तुलना करायला काहीतरी हाताशी हवं. आणि तक्रार फक्त विसरण्याची असेल, तर तेवढ्यासाठी स्टेंट बसवावा असं युरोपातल्या रक्तवाहिनी शल्यचिकित्सकांची मार्गदर्शक तत्त्वं अजून म्हणत नाहीत.