नस, शीर आणि श्वासाची नळी

नमस्कार, श्रोतेहो. मी आयसीयूत तीस वर्षं सिस्टर होते. दाराबाहेर बसलेल्या नातेवाइकांना आतले शब्द उलगडून सांगायचे, हे तिथलं माझं न नेमलेलं काम.

सगळ्यात गोंधळ घालणारा शब्द म्हणजे 'नस'. कंबरेत नस दबली म्हणतो, तेव्हा तो असतो मज्जातंतू. हाताची नस कापली, तर ती रक्तवाहिनी. आणि रात्री पोटरीत नस चढते ना, तो तर नुसता आखडलेला स्नायू! तीन वेगळ्या गोष्टी, शब्द एक. म्हणून डॉक्टरांना 'नसेचा त्रास' एवढंच सांगू नका, नेमकं काय होतंय ते सांगा.

हाताच्या पाठीवर निळसर-हिरवी दिसते ती शीर. जुन्या पुस्तकांत तिला 'नीला' म्हणत. मनगटाशी ठोके देते ती रोहिणी, म्हणजेच धमनी. सलाईन लावायचं ते शिरेत, कारण शीर कातडीजवळ असते आणि तिच्यात दाब कमी असतो. सलाईन म्हणजे मुळात मिठाचं पाणी, लिटरभर पाण्यात 9 ग्रॅम मीठ. पण आपल्याकडे बाटली टांगली की आत काहीही असो, ते 'सलाईन'च.

एक मावशी आठवतात. रात्रभर हात काठीसारखा ताठ धरून बसलेल्या. "अगं, आत सुई आहे ना, मोडली म्हणजे?" मी त्यांना म्हटलं, मावशी, सुई तेव्हाच काढून टाकली, आत राहिलीय ती मऊ प्लॅस्टिकची बारीक नळी. यावर त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर विस्कटलेला अंबाडा बांधला.

आता श्वासाचं. नाकाशी दोन टोकांची नळी लावली, तर तो फक्त जादा ऑक्सिजन; श्वास पेशंट स्वतःच घेतो. बायपॅप या श्वासाला मदत करणाऱ्या यंत्रात चेहऱ्यावर घट्ट मास्क असतो. श्वास आत घेताना हवेचा दाब जास्त, सोडताना कमी, असे दोन दाब, म्हणून 'बाय', म्हणजे दोन. व्हेंटिलेटरसाठी बहुतेक वेळा तोंडातून श्वासनलिकेत नळी घालतात. 'व्हेंटिलेटर' ऐकलं की बाहेर रडारड सुरू होते. पण थकलेल्या छातीला तेवढे दिवस आधार द्यायचा, एवढंच ते यंत्र करतं. आजार बरा करायचा तो औषधांनी आणि शरीराने. सगळेच त्यातून परततात असं नाही. पण कितीतरी जणांची नळी निघताना मी पाहिली आहे.

नळी स्वरतंतूंच्या मधून जाते, म्हणून आवाज फुटत नाही. एका आजोबांना मी वही-पेन्सिल दिली. वाटलं, मुलांसाठी काहीतरी लिहितील. त्यांनी थरथरत्या हाताने लिहिलं, 'चहा'. तो त्यांना मिळाला नळी निघाल्यावर, तिसऱ्या दिवशी, चमच्याचमच्याने.