सराफाच्या हातातली वही

मंडळी, सतराव्या शतकातल्या ॲम्स्टरडॅममध्ये एखाद्या सराफाच्या फळीवर दिवसभरात काय काय येऊन पडत असेल, तिथून सुरुवात करतो. स्पेनची आठ रेआलांची जाड, ओबडधोबड चांदीची नाणी. जर्मन शहरांचे थालर. स्पेनच्या अमलाखालच्या दक्षिणेकडल्या प्रांतांचे पटागॉन आणि डुकाटॉन. हंगेरीचे, व्हेनिसचे सोन्याचे डुकाट. आणि खुद्द डच प्रजासत्ताकाची नाणी तरी कुठे एकसारखी होती? प्रांत सात, प्रांतांच्या टांकसाळी वेगवेगळ्या, वर डेव्हेंटर, काम्पेन, झ्वोल यांसारख्या शहरांनाही नाणी पाडण्याचा जुना हक्क. हिशेब मात्र सगळ्यांचा एकाच भाषेत व्हायचा: 20 स्टाइव्हरचा एक गिल्डर आणि 16 पेनिंगचा एक स्टाइव्हर. समोर आलेलं प्रत्येक नाणं या भाषेत उतरवून देणं, हे सराफाचं काम.

त्यासाठी त्याच्या हाताशी एक मार्गदर्शक असे. छापील असेल तर त्याला डच भाषेत ‘बील्डेनार’ म्हणत. ‘बील्ड’ म्हणजे चित्र, प्रतिमा. 1606 साली प्रजासत्ताकाच्या सरकारनं नाण्यांचे दर ठरवणारं फर्मान काढलं आणि त्याच्या जोडीनं अशी चित्रांची पुस्तकं छापली गेली. शत्रुपक्षाच्या, म्हणजे स्पेनच्या अमलाखालच्या अँटवर्पमध्ये व्हेरडुसेन या मुद्रकानं 1633 साली शपथबद्ध सराफांसाठी असाच ग्रंथ काढला. अरुंद आणि उभट, पानोपानी लाकडी ठशांतून उमटवलेली नाणी, दोन्ही बाजू दाखवलेल्या. हजाराहून अधिक नाणी त्यात आहेत. दोन राज्यांमध्ये युद्ध चालू होतं, पण दोन्हीकडच्या सराफांची अडचण एकच होती.

हाच मजकूर हातानं लिहिलेल्या, हातानं चित्रं काढलेल्या वह्यांतूनही उतरला, आणि मला खरी ओढ त्या वह्यांची आहे. छापलेलं चित्र आपण पाहतो आणि पान उलटतो. पण सिंहाच्या आयाळीचा प्रत्येक झुबका, ढालीचा बाक, कडेच्या लॅटिन अक्षरांचा क्रम ज्यानं स्वतः लेखणीनं काढला असेल, त्याची नजर ते नाणं सहसा विसरणार नाही. अशी वही नुसती माहिती साठवत नाही, ती काढणाऱ्याच्या डोळ्याला वळण लावते, असं मी मानतो.

त्या वळणाची गरज किती होती, ते ‘लेव्हेनडालर’ या एकाच नाण्यावरून कळतं. लेव्ह म्हणजे सिंह. एका बाजूला ढालीमागे उभा योद्धा, दुसरीकडे पुढचे पंजे उचललेला सिंह. हे नाणं अनेक टांकसाळींनी पाडलं आणि दूरून पाहिलं तर सगळे सिंह सारखेच. कुठल्या प्रांताचं ते कळायचं कडेच्या लेखातल्या दोन-तीन अक्षरांवरून: हॉलंडसाठी ‘हॉल’, झीलंडसाठी ‘झेल’, उट्रेख्टसाठी त्याच्या लॅटिन नावातलं ‘ट्रा’. आसपासच्या लहानसहान जहागीरदारांनी आपापल्या टांकसाळींतून अशाच लोकप्रिय नाण्यांच्या हिणकस नकला पाडल्या. चित्र जवळजवळ तेच, चांदी कमी. नकलेवरची अक्षरं अशी जुळवलेली असत की घाईतल्या माणसाला फरक दिसू नये. (हा सिंह पुढे तुर्की साम्राज्यापर्यंत गेला. रुमानियाचं आजचं चलन ‘लेउ’, म्हणजे सिंहच.)

चित्र जुळलं की दुसरी पायरी काट्याची. डच वजनांत एका मार्काचे 8 औंस, औंसाचे 20 एंगेल आणि एंगेलाचे 32 आस. आस म्हणजे साधारण 0.048 ग्रॅम, आपल्या गुंजेच्या निम्म्याहून हलका. सोन्याचा डुकाट सुमारे 3.49 ग्रॅमचा, म्हणजे साडेबहात्तर आसांच्या आसपास. कुणी कड कातरून चार-पाच आस सोनं काढून घेतलं, तर हाताला ते जाणवणार नाही, काट्याला जाणवेल. म्हणून सराफाकडे लाकडी पेटीत लहानसा काटा आणि नाण्यांची पितळी वजनं असत. एकेका वजनावर त्या त्या नाण्याचंच चित्र कोरलेलं. तूट ठरलेल्या मर्यादेत असेल तर नाणं चालायचं. त्याहून हलकं निघालं तर दरातून कापून घ्यायचे.

आणि जी नाणी सरकारनं बंदच केली होती, त्यांना ‘बिल्यून’ म्हणत. शपथ घेतलेल्या सराफानं असं नाणं पुन्हा बाजारात सोडायचं नाही, ते कापून टाकायचं आणि मालकाला फक्त धातूचं मोल द्यायचं. मराठीत आपण ‘मोडीत काढणं’ म्हणतो, अक्षरशः तेच. यासाठी प्रत्येक नाण्याच्या कसानुसार मार्काला किती, औंसाला किती, एंगेलाला किती आणि एका आसाला किती, अशी कोष्टकं लागत. या पुस्तकांतला सर्वांत रुक्ष भाग हाच, आणि समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं सर्वांत मोलाचाही. कापलेल्या नाण्याचे पैसे बरोबर मिळाले की नाही, हे त्याच ओळीवर ठरायचं.

इथं मला आपल्याकडची एक गोष्ट सांगायलाच हवी. व्हेनिसचा तो डुकाट समुद्रमार्गे आपल्या किनाऱ्यावरही आला. त्यावरचं लॅटिन इथं कोण वाचणार? लोकांनी त्यावरची माणसांची आकृती पाहिली आणि नाव ठेवलं ‘पुतळी’. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्याच्या यादीत पुतळ्या आहेत, आणि पुतळ्यांची माळ तर आजही घराघरांत आहे. बील्डेनार आणि पुतळी, दोन्ही शब्द नाण्यावरच्या प्रतिमेतूनच जन्मले.

1609 साली ॲम्स्टरडॅमनं नगरभवनात विसेलबँक, म्हणजे नाणी तपासून खात्यावर जमा करून घेणारी शहराची बँक, उघडली. 600 गिल्डर आणि त्यावरच्या हुंड्या तिथूनच चुकवायच्या असा नियम झाला, आणि मोठ्या व्यापाऱ्यांची नाणी पारखण्याची डोकेदुखी बरीच कमी झाली. रोजच्या बाजारातली मात्र राहिली. कारण बाजारातला दर फर्मानाच्या पुढे धावत असे. 1606 मध्ये राइक्सडालर या मोठ्या चांदीच्या नाण्याचा सरकारी दर 47 स्टाइव्हर होता. व्यापाऱ्यांना हे नाणं परदेशी पाठवायला हवं असे, म्हणून ते त्यासाठी जास्त मोजत, आणि सरकारला मागाहून ते मान्य करावं लागे. 1619 पर्यंत तो दर 50 वर गेला. छापील पुस्तकात 47 लिहिलं की नवी आवृत्ती निघेपर्यंत 47च. हातानं लिहिलेल्या वहीत त्या आकड्यावर एक रेघ ओढायची आणि शेजारी 50 लिहायचं.