काउंटरच्या अलीकडं

सकाळचे साडेनऊ. कोल्हापूरची लक्ष्मीपुरी. पाइप-फिटिंगच्या दुकानाचं शटर अर्धंच वर गेलंय आणि काउंटरला पाच माणसं टेकलीत. कुणाच्या हातात तुटका कॉक, कुणाच्या खिशात सिगारेटच्या पाकिटावर लिहिलेली यादी. आपले प्लंबर मेस्त्री तिसरे. फुलेवाडीत एका घराची पाइपलाइन उघडी टाकून आलेत. तिथं पाणी बंद, माणसं अंघोळीची खोळंबलीत.

"दादा, सीपीव्हीसीचे एल्बो द्या. अर्धा इंची. चार." सीपीव्हीसी म्हणजे गरम पाण्याला चालणारा प्लास्टिकचा पाइप, एल्बो म्हणजे वळणावरचा जोड.

काउंटरवरचं पोरगं मोबाईलमधनं मान वर काढत नाही. गल्ल्यावरचे शेठ मात्र चारचौघांत मोठ्यानं विचारतात, "मेस्त्री, मागची बाकी कधी?"

मेस्त्री हसतात. हे हसू या फिल्मच्या कॅमेऱ्यात नीट आलंय, बघा.

तेवढ्यात फोन वाजतो. एका मोठ्या साईटची ऑर्डर. दोन्ही पोरं पाइपांचे बंडल टेम्पोत भरायला पळतात आणि काउंटर मोकळं पडतं. रोखीवाला एखादा पुटपुटत निघून जातो, त्याचं कुणाला सोयरसुतक नाही. खातेवाला थांबतो, कारण महिनाभर माल उधार देणारं दुसरं कोण आहे? तो जाणार नाही हे शेठनाही ठाऊक असतं. या पेठेतलं वागणं या उधारीच्या वहीवर चालतं, असं मला तरी वाटतं.

पाऊण तासानं पिशवी हातात पडते. रंकाळ्याला वळसा घालून मेस्त्री फुलेवाडीला पोचतात, पिशवी सोडतात. एल्बो यूपीव्हीसीचे, म्हणजे साध्या थंड पाण्याच्या पाइपाचे.

दोन्ही अर्धा इंचीच म्हणवतात, घोळ तिथंच आहे. सीपीव्हीसीच्या अर्धा इंची पाइपाचा बाहेरचा व्यास १५.९ मिलिमीटर, यूपीव्हीसीचा २१.३. त्या एल्बोत हा पाइप खुळखुळतो. सोल्युशन कितीही फासा, सांधा धरत नाही. मेस्त्रींनी पिशवी काउंटरवरच उघडून बघायला हवी होती, हे खरं. पण मागचा माणूस खांद्यावरनं हात घालत होता.

परत लक्ष्मीपुरी. "बिल दाखवा." बिल कुठलं? पाठकोऱ्या कागदावर पेननं लिहिलेला आकडा तेवढा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरलीय. धंद्यासाठी माल घेणाऱ्याला तो कायदा ग्राहक मानत नाही, मात्र स्वतः राबून पोट भरणाऱ्याला त्यातनं सूट आहे. मेस्त्री त्या सुटीत बसतात का, हे वकिलानं सांगायचं. चार एल्बोंसाठी वकील कोण गाठणार?

आता जरा उद्यमनगरात चला. इंजिनं, पंप, लेथ यांच्यावर वाढलेली ही वसाहत. इथल्या एका बेअरिंगच्या दुकानात म्हातारे मामा बसतात. एक पोरगा काळंकुट्ट बेअरिंग ठेवतो, नंबर झिजून गेलेला. मामा "या, बसा" म्हणत नाहीत. चिंधीनं ग्रीस पुसतात, व्हर्नियर लावतात. आतनं २०, बाहेरनं ४७, जाडी १४.

"६२०४ हाय. कशाला लावतोयस?"

"पंपाच्या मोटारीला."

"पाणी उडतंय काय तिथं? मग पत्र्याच्या झाकणाचं नको, रबर सीलचं घे. आणि मोटार लई तापत असंल तर सी-थ्री, म्हंजे आतनं जरा सैल असतंय ते, बघू. आदी सांगायला तोंड नव्हतं व्हय रं?"

पोरगा शिव्या खाऊन खुशीत बाहेर पडतो.

कोल्हापूरचं बोलणं रांगडं आहे, त्याचा राग इथं कुणाला येत नाही. मामांनी नमुना हातात घेतला, दोन प्रश्न विचारले, त्यात दोन मिनिटंही गेली नाहीत. लक्ष्मीपुरीतल्या त्या पोराला "पाइप कुठला?" एवढं विचारायला शिकवलेलंच नाही. आठ महिन्यांत काउंटरवरचं तिसरं पोरगं आहे ते. त्याचा पगार ऐकलात तर त्याच्यावर चिडणंही जड जातं.

(संध्याकाळ. फुलेवाडी. नळाला पाणी येतं, आधी हवेचा फुत्कार, मग धार.)

घरातल्या काकू दारात उभ्या. "एवढ्याशा कामाला दिवस घातलासा व्हय, मेस्त्री?" आणि हजेरी अर्धीच हातावर ठेवतात.

मेस्त्री पाने पिशवीत टाकतात. दुकानाचं नाव काढत नाहीत. सकाळी पुन्हा तिथंच जायचंय, पाऊण इंची पाइप आणायला.