अ‍ॅप बदलून काही होत नाही! यूपीआयचं लिमिट नेमकं कोण लावतं?

नमस्कार मंडळी, आज थेट मुद्द्यावर येतो कारण हा प्रश्न मला इनबॉक्समध्ये इतक्या वेळा आलाय की आता कॉपी-पेस्ट उत्तर देऊन कंटाळलो, प्रश्न असा की "दादा, खात्यात पैसे आहेत, नेट चालू आहे, पिन बरोबर आहे, तरी पेमेंट जात नाही, लिमिट संपलं म्हणतंय, दुसरं कुठलं अ‍ॅप घेऊ?" तर कुठलंच घेऊ नका. का ते सांगतो, पण आधी माझी स्वतःची फजिती ऐका, म्हणजे पुढचं पटकन कळेल.

गेल्या वर्षी घर बदललं. डिपॉझिट ९० हजार. घरमालक काका समोर सोफ्यावर बसलेत, एजंट दारात उभा, त्याला पुढचं गिऱ्हाईक आहे त्यामुळे तो दर दोन मिनिटांनी घड्याळ बघतोय. मी रुबाबात नवाकोरा फोन काढला, आदल्याच संध्याकाळी घेतलेला, क्यूआर स्कॅन केला, ९० हजार टाकले, पिन टाकला आणि लाल रंगात मेसेज: लिमिट ओलांडलं. म्हटलं ठीक आहे, ५० करून बघू. नाही. २०? नाही. १०? तेही नाही! मग मी तेच केलं जे तुम्ही सगळे करता, तिथेच उभ्या उभ्या दुसरं अ‍ॅप डाउनलोड केलं, खातं जोडलं, ओटीपी आला, सगळं सेट झालं आणि परत तोच लाल मेसेज. मग आठवलं जुना फोन बॅगेत आहे, त्यावर अ‍ॅप चालू आहे, तो काढला तर तो म्हणतोय सिम सापडत नाही, कारण सिम नव्या फोनमध्ये. शेवटी ५ हजार टाकून बघितले, ते मात्र टुणकन गेले. काका म्हणाले, "हे टोकन समजू का?"

आता यात झालं काय ते बघा. तुम्ही नवीन फोन घेता, किंवा सिम बदलता, किंवा यूपीआय पहिल्यांदाच चालू करता, तेव्हा पहिले २४ तास तुम्हाला फक्त ५ हजारांपर्यंतच पाठवता येतं. काही बँका आयफोनला २४ च्या जागी ७२ तास लावतात. आणि हा छळ नाहीये बरं का. कोणीतरी तुमच्या नावाचं डुप्लिकेट सिम काढलं, स्वतःच्या फोनमध्ये टाकलं आणि तुमचं खातं जोडलं, तर पहिल्या तासाभरातच तो खातं साफ करणार ना? म्हणून ती पहिल्या दिवसाची कडी घातलीय, तेवढ्या वेळात तुमच्या फोनची रेंज गेलेली तुमच्या लक्षात येते, तुम्ही बँकेला कळवता. मला त्या दिवशी राग आला होता, पण नियम बरोबर आहे, हे मी मान्य करतो.

आणि अ‍ॅप बदलून उपयोग का झाला नाही? कारण गुगल पे म्हणा, फोनपे म्हणा, पेटीएम म्हणा, ही सगळी फक्त दारं आहेत, आतली खोली एकच. खोली म्हणजे यूपीआय, जे २०१६ मध्ये एनपीसीआयनं म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं सुरू केलं. वरचं छत एनपीसीआय ठरवतं, त्याच्या खाली तुमची बँक स्वतःचं छत घालू शकते, आणि त्याच्याही खाली अ‍ॅप स्वतःचं घालू शकतं. यातलं जे सगळ्यात खाली असेल त्याला तुमचं डोकं आपटतं. म्हणजे बघा, माणसाकडून माणसाला पाठवायचं एनपीसीआयचं लिमिट १ लाख आहे, पण तुमच्या बँकेनं जर ते २५ हजारच ठेवलं असेल तर तुम्ही दहा अ‍ॅपं टाका, २५ च राहणार. आणि दिवसाचा हिशोब सगळी अ‍ॅपं मिळून होतो, एकावर ६० हजार गेले असतील तर दुसऱ्यावर नवीन १ लाख उगवत नाहीत.

इथे लोक अजून एक गोंधळ करतात. लिमिट एक नसतं, तीन असतात. एका वेळेला किती, दिवसभरात मिळून किती, आणि दिवसात किती वेळा. पहिल्या दोघांचं सगळ्यांना माहीत असतं, तिसरं कोणाच्या गावीही नसतं. बऱ्याच बँकांत दिवसाला माणसांना पाठवायचे २० व्यवहार, बास. आता २० म्हणजे खूप वाटतात पण ट्रिपला गेलात आणि हिशोब तुमच्याकडे असेल तर बघा, याचे ४० रुपये परत, तिचे १२० परत, शिवाय प्रत्येकाला आधी "१ रुपया टाकून बघतो, आला का सांग", ही आपली राष्ट्रीय सवय, तो १ रुपयाही एक व्यवहार म्हणून मोजला जातो. रक्कम अडीच हजार सुद्धा झालेली नसते आणि लिमिट संपलेलं असतं.

मग नेमकं कुठलं लिमिट संपलं ते कसं कळणार? फेल झालेल्या व्यवहारावर टॅप करा, आत डिटेल्समध्ये कधीकधी एक कोड दिसतो. झेड ८ असेल तर एका वेळच्या रकमेचं लिमिट, म्हणजे रक्कम कमी करून बघा. झेड ७ असेल तर व्यवहारांची संख्या संपली, रक्कम कितीही कमी करा, जाणार नाही. आणि झेड ९ असेल तर भावा, खात्यात पैसेच नाहीत, लिमिटला दोष देऊ नको. सगळी अ‍ॅपं कोड दाखवत नाहीत पण दाखवला तर निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

उद्या परत चालू कधी होणार, हे पण विचारतात. काही ठिकाणी रात्री १२ ला मीटर शून्यावर येतं, काही ठिकाणी आधीच्या व्यवहारापासून २४ तास मोजतात, त्यामुळे रात्री १२ वाजून १ मिनिटाला फोन घेऊन बसू नका, झोपा, सकाळी करा.

आता माझ्या मते या विषयातली सगळ्यात कामाची गोष्ट, नीट ऐका. लिमिट तुम्ही किती पाठवताय यावर जेवढं ठरतं तेवढंच तुम्ही कोणाला पाठवताय यावर ठरतं. १ लाख हे माणसाला पाठवताना. पण हॉस्पिटल आणि शिक्षणसंस्थांना रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०२३ मध्ये ते ५ लाख केलं, टॅक्स भरायला २०२४ मध्ये ५ लाख झालं. मग १५ सप्टेंबर २०२५ पासून एनपीसीआयनं अजून मोकळं केलं, शेअर बाजार आणि विम्याला एका वेळी ५ लाख आणि दिवसाला १० लाख, कर्जाच्या हप्त्यांनाही तसंच, क्रेडिट कार्डाचं बिल एका वेळी ५ पण दिवसाला ६ लाख, आणि सोनाराकडे एका वेळी २ लाख, दिवसाला ६. माणसाला माणसानं पाठवायचं मात्र १ लाखाच्या १ लाखच राहिलं, त्याला हात लावला नाही. अर्थात बँकेचं छत इथेही आहेच, तुमच्या बँकेनं कमी ठेवलं असेल तर कमी.

पण यात मेख आहे. समोरचा व्यापारी म्हणून व्हेरिफाय झालेला पाहिजे, आणि त्या प्रकारात नोंदलेला पाहिजे. म्हणजे कॉलेजची फी दीड लाख आहे, कॉलेजच्या पोर्टलवरून किंवा त्यांच्या अधिकृत क्यूआरवर भरली तर जाईल, पण ऑफिसमधले साहेब म्हणाले "माझ्या नंबरवर टाका, मी भरतो", तर सिस्टिमच्या लेखी ते शिक्षण नाही, ते साहेबांना दिलेले पैसे, १ लाखावर अडकणार. आणि अडकलं नाही तरी असं टाकू नका, पावतीचं काय? पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर जे नाव दिसतं ते बँकेतलं नाव असतं, तिथे संस्थेचं नाव दिसतंय की कुण्या माणसाचं, दोन सेकंद थांबून वाचा.

क्यूआरचं अजून एक. दुकानात समोर लावलेला क्यूआर कॅमेऱ्यानं स्कॅन करणं वेगळं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला क्यूआरचा फोटो गॅलरीतून उचलणं वेगळं. गॅलरीतून घेतलात तर बऱ्याचदा २ हजारांच्या वर जातच नाही. लोक म्हणतात काल याच माणसाला १५ हजार गेले, आज का नाही? काल समोर उभे होतात, आज फोटो वापरलात! अशा वेळी सरळ त्याचा यूपीआय आयडी किंवा नंबर टाका, काम होतं.

छोट्या रकमांसाठी यूपीआय लाइट चालू करून ठेवा, पिन लागत नाही, एका वेळी १ हजारापर्यंत जातात आणि त्यात जास्तीत जास्त ५ हजार ठेवता येतात, फोन हरवला तर तेवढेच धोक्यात. आणि हो, बॅलन्स बघायलाही आता लिमिट आहे, ऑगस्ट २०२५ पासून एका अ‍ॅपवर दिवसाला ५० वेळा. पगाराच्या दिवशी माझा एक मित्र ते पण संपवेल अशी मला दाट शंका आहे.

एक सावधानतेचं सांगतो. "तुमचं यूपीआय लिमिट वाढवून देतो" असा फोन आला तर तो चोर आहे, विषय संपला. लिमिट बँकेच्या अ‍ॅपमध्ये, तुमच्या हातानं, सेटिंगमध्ये जाऊन बदलता येतं, सगळ्या बँकांत नाही पण बऱ्याच बँकांत, आणि तेही एनपीसीआयच्या छतापर्यंतच. त्यासाठी कुणाला ओटीपी सांगावा लागत नाही, स्क्रीन शेअर करावी लागत नाही. फसलात तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

आणि मोठी रक्कम असेल तर यूपीआयच्या मागे का लागायचं? बँकेतून बँकेत पाठवायचे दुसरे मार्ग आहेतच, नेटबँकिंगवरून आयएमपीएस ५ लाखांपर्यंत जातं, २ लाखांच्या वर आरटीजीएस आहे, एनईएफटी आहे, आणि ही तिन्ही आता रात्री-बेरात्री, रविवारी सुद्धा चालतात. फक्त नवीन माणूस पेयी म्हणून, म्हणजे पैसे घेणारा म्हणून, जोडलात की तिथेही थांबावं लागतं, आणि पहिल्या दिवशी रकमेला लगाम असतो, म्हणून ज्याला पैसे द्यायचेत त्याला दोन दिवस आधीच जोडून ठेवा.

मला हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. मी काकांना तिथेच पेयी म्हणून जोडलं, अर्धा तास ते अ‍ॅक्टिव्ह व्हायची वाट बघत बसलो, तोवर काकूंनी दोनदा चहा केला, एजंट वैतागून निघून गेला, मग माझ्या बँकेनं पहिल्या दिवशी ५० हजारांच्या वर सोडलं नाही, उरलेले ३५ हजार दुसऱ्या दिवशी रात्री गेले. ते गेल्यावर काकांचा फोन आला, मिळाले म्हणाले, आणि मग जरा थांबून, "एक विचारू का, तुझ्याकडे चेकबुक नव्हतं का रे?"

होतं. बॅगेतच होतं, जुन्या फोनच्या शेजारी.