बसायला जागा द्या, मग जागा जपली जाईल

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘राज्यातली उद्यानं, अभयारण्यं आणि ऐतिहासिक स्थळं’. एवढा पसारा एका संध्याकाळीत आवरत नाही. त्यामुळं बरीच वर्षं डोक्यात घोळणारी एकच गोष्ट धरून बोलते. माणसाला जिथं निवांत बसता येतं, ती जागा त्याला आपली वाटते, आणि आपली वाटली की तो तिच्यासाठी भांडायलाही उठतो.

कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. रंकाळ्यात सांडपाणी मिसळायला लागलं, जलपर्णी माजली, तेव्हा आरडाओरडा कुणी केला? रोज फिरायला येऊन काठावर टेकणाऱ्यांनी. पाण्याचा रंग कधी पालटला, वास कुठल्या कोपऱ्यातनं येतोय, हे त्यांना आधी कळतं. गाडीतनं उतरून, फोटो काढून, भेळ खाऊन निघणाऱ्याला ते कळत नाही. भेळ खाणाऱ्यांवर माझा राग नाही बरं का. तुमच्यातले निम्मे इथनं थेट तिकडंच जाणार आहेत.

आता माझी जुनी तक्रार. जागेचं नाव घेत नाही. आईला घेऊन एका संरक्षित वास्तूत गेले होते. वय ऐंशीच्या पुढं, गुडघे धरलेले, पण शिल्पं बघायची हौस दांडगी. तिकीट काढलं आणि तापलेल्या फरशीवरनं आत गेलो. सावलीला झाड नाही, टेकायला बाक नाही, नळाला तोटी नाही. आई एका जोत्याच्या कडेला टेकली, तोच शिट्टी. “आजी, उठा, इथं बसायचं नाही.” मी म्हटलं, मग कुठं बसायचं? तो पोरगा इकडंतिकडं बघायला लागला. अहो, त्याला स्वतःलाच खुर्ची नव्हती! सकाळपासनं उभा होता तो. दगडाला धक्का लागू नये हे त्याचं बरोबरच होतं, माझं भांडण त्याच्याशी नाहीच.

आईनं त्याला विचारलं, “बाळा, जेवलास का?” झालं, दोघांची गट्टी जमली. भिंतीच्या सावलीला उभ्यानंच गप्पा सुरू झाल्या. पावसाळ्यात पाणी कुठल्या सांध्यातनं झिरपतं ते त्यानं तिला नेऊन दाखवलं. छताच्या कडेला बोटभर रुंद हिरवी रेघ होती शेवाळाची. “दरवर्षी थोडी खाली येते,” म्हणाला. हे कुठल्या साहेबाला सांगितलंस का, असं मी विचारलं. म्हणाला, “विचारलंय कुणी?” दिवसभर तिथं असणारा माणूस सगळं बघत असतो, मंडळी. त्याला विचारायची पद्धत आपल्याकडं नाही, याचा मला आजही संताप येतो.

जुन्या लोकांना बसण्याची किंमत कळत होती. म्हणून तर देवळांच्या मंडपांना कक्षासनं, म्हणजे कडेनं टेकून बसायची दगडी बाकं असतात. खिद्रापूरला कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात जा. छत मधोमध गोल मोकळं ठेवलंय. दोन मिनिटं मान वर करून निघालात तर नुसतं आभाळ दिसेल. अर्धा तास थांबलात तर उन्हाचा तुकडा सरकताना दिसेल, आणि बांधणाऱ्याचं डोकं लक्षात येईल.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. मूळ मुद्दा भराभर सांगते.

आपल्याकडं बाग महापालिकेची, जंगल वनखात्याचं, गड पुरातत्त्वचा. जमिनीवर मात्र हे असं सुटं नसतं. वासोटा किल्ला कोयना अभयारण्यात आहे, प्रचितगड चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत; उद्यानाचं तिकीट वेगळं, लेण्यांचं वेगळं. पन्हाळ्यावर तर अख्खं गाव नांदतंय, नगरपरिषद आहे, आणि २०२५ च्या जुलैत तो मराठ्यांच्या आणखी ११ किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. आता गर्दी वाढणार. गडावरच्या अंबरखान्यापाशी, म्हणजे जुन्या धान्यकोठारांपाशी, म्हातारं माणूस टेकणार कुठं, याचा विचार आत्ताच व्हायला हवा.

“कायदा आडवा येतो” असं ऐकवतात. प्राचीन स्मारकांच्या जतनाच्या १९५८ च्या कायद्यात २०१० ला दुरुस्ती झाली आणि केंद्राच्या संरक्षित स्मारकापासनं १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला बंदी आली, हे खरं. पण त्याच कायद्यानं सार्वजनिक स्वच्छतागृहं आणि पाणीपुरवठ्याची कामं ‘बांधकामा’च्या व्याख्येतनं वगळलीत. म्हणजे पाण्यासाठी तरी कायद्याकडं बोट दाखवू नका.

राधानगरीच्या जंगलाचं गणित निराळं. संस्थानच्या काळातलं शिकारीचं रान १९५८ ला दाजीपूरचं अभयारण्य झालं. तिथं गव्याच्या वाटेवर बाक मांडा असं मी म्हणणार नाही. तिथं आतली वर्दळ कमीच हवी, आणि वेशीवरच्या गावांतली पोरं वाटाडे म्हणून पगारी हवीत. त्यांनी रोज काय बघितलं याची वही ठेवावी, आणि ती वही अधिकाऱ्यानं दर महिन्याला वाचून खाली सही करावी. अशीच वही गडावरच्या पहारेकऱ्याकडं आणि बागेतल्या माळ्याकडंही हवी.

अध्यक्ष उठलेत, थांबते. या मागण्यांचा अर्ज दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय. पटलं असेल त्यांनी जाताना सही करा.