धक्का जुना, बंदर नवं

[दृश्य: मिसिसिपी नदी, आयोवा राज्याचा काठ. धान्याचा एलेव्हेटर (धान्य वर चढवून साठवणारं उंच कोठार), खाली लागलेला बार्ज (सपाट तळाची, बिनइंजिनाची मालबोट).]

एलेव्हेटरच्या नळातून मका थेट बार्जच्या पोटात पडतोय. बार्ज १९५ फूट लांब, ३५ फूट रुंद. त्यात साधारण दीड हजार अमेरिकी टन माल मावतो. असे पंधरा बार्ज एकत्र बांधायचे आणि मागून एका टोबोटीने ढकलत दक्षिणेला न्यायचे. नदीकाठच्या छोट्या गावांचा हा रोजचा धंदा. तरी देशातल्या बंदरांच्या यादीत अशा गावांची नावं सहसा सापडत नाहीत.

माल मोजला जात नाही असं नाही. कुठल्या धक्क्यावरून कुठे किती माल नेला, हे जहाजवाले आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सला, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलाला कळवतात. पण धक्का कुठल्याच बंदराच्या हद्दीत येत नसेल, तर ते टनेज नदीच्या खात्यावर पडतं. गावाच्या नावावर शून्य. पुढे अनुदानासाठी अर्ज केला की पहिला प्रश्न हाच येतो: तुमचं टनेज किती?

ही हद्द अभियंता दल मनाने आखत नाही. त्याला राज्य, काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) किंवा शहराने केलेल्या कायद्याचा नाहीतर ठरावाचा आधार लागतो. म्हणून नदीकाठची गावं विधिमंडळाचं दार ठोठावतात. इलिनॉय, आयोवा आणि मिसुरी या तीन राज्यांनी तर आपापल्या विधिमंडळात करार मंजूर करून ‘मिड-अमेरिका पोर्ट कमिशन’ उभं केलं.

[दृश्य: नदीचा नकाशा, मैलांचे आकडे.]

खरी कसोटी हद्दीच्या मजकुराची. ‘जुन्या पुलापासून गिरणीपर्यंत’ असं लिहून भागत नाही. नदी-मैलाचा आकडा लागतो. त्यात एक गंमत आहे. वरच्या मिसिसिपीचे मैल ओहायोच्या संगमापासून उगमाकडे मोजतात, तर ओहायोचे पिट्सबर्गपासून खाली संगमाकडे. एका नदीची सवय दुसऱ्या नदीवर चालवली की हद्दीची सुरुवात आणि शेवट उलटे होतात. शेजारच्या बंदराच्या हद्दीवर आपली हद्द चढली तर तोही घोळ. मधल्याच एका काउंटीने ठराव केला नाही, तर तिचे धक्के मोजणीबाहेर राहतात.

सिनसिनाटीचं उदाहरण घ्या. शहर ओहायो राज्यात, पण समोरची नदी बहुतांशी केंटकीची. सीमा उत्तर काठाच्या १७९२ सालच्या पाणीरेषेवर आहे, मधोमध नाही. साहजिकच दोन्ही राज्यांच्या काउंट्या सोबत घ्याव्या लागल्या. पूर्वी या बंदराची हद्द २६ मैल होती. २०१५च्या सुमारास ती २२६.५ मैल झाली आणि कागदावरचं टनेज जवळपास चौपट. वाढ झाली ती वहीतली. त्यासाठी नवा धक्का बांधावा लागला नाही.

पण मोठं होण्यात एक खाच आहे. केंद्राच्या बंदर-विकास अनुदानात छोट्या बंदरांसाठी वेगळा वाटा राखलेला असतो. छोटं म्हणजे मागच्या तीन वर्षांची सरासरी ८० लाख अमेरिकी टनांच्या आत. यादीत वर चढण्याच्या नादात दहा गावं एकत्र आली, की तो वाटा हातचा जाऊ शकतो. ठराव लिहिण्याआधी ही बेरीज करून बघावी.

शिवाय यादीतल्या बंदराचा हा दर्जा आकडेवारीपुरताच. त्यातून कस्टम्सचं ठाणं मिळत नाही. त्याचा अर्ज वेगळा. मुख्य प्रवाहात नऊ फूट खोली राखणं अभियंता दलाकडे, पण खाजगी धक्क्यापुढचा गाळ सहसा धक्केवाल्यालाच परवाना घेऊन उपसावा लागतो. तो राहिला की बार्ज कमी भरायचा: बुडावा (बोट पाण्यात जितकी बुडते ती खोली) एक फूट कमी केला, की प्रत्येक बार्जमागे सुमारे २०० टन माल काठावरच राहतो.

[दृश्य: लॉकचे दरवाजे. ताफ्यावर काम करणारे डेकहँड.]

आणि हे लॉक, म्हणजे पाणी वर-खाली करून बोटींना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारा दरवाज्यांचा हौद. वरच्या मिसिसिपीवरची बहुतेक लॉक ६०० फुटांची, पंधरा बार्जचा ताफा टोबोटीसह हजार फुटांच्या वर. म्हणून डेकहँड मधले पोलादी दोर सोडतात. पुढचे नऊ बार्ज आधी आत जातात, विंचने ओढून पलीकडे बांधले जातात. मग उरलेले सहा आणि टोबोट. मग पुन्हा दोर, पुन्हा आवळणी. एकूण दीड-दोन तास. मिसुरीत विनफील्डजवळच्या लॉक २५ला १,२०० फुटांच्या नव्या लॉकची जोड देण्यासाठी जानेवारी २०२२मध्ये ७३ कोटी २० लाख डॉलर जाहीर झाले. तोवर ताफा तुटतो आणि पुन्हा जोडला जातो.