जात्याजवळचा चौकोन

(गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, आमच्या शाळेच्या एका खोलीत जुन्या वस्तू मांडल्या आहेत. पायली, मापटं, उखळ-मुसळ, आणि दाराशीच एक जातं. सहा वर्षांपूर्वी त्या जात्याजवळ आम्ही क्यूआर कोड लावला. फोन समोर धरला की गावातल्याच एका आजींच्या ओव्या ऐकू यायच्या, मागे जात्याची घरघर. नुसतं बसून ओव्या म्हणायला आजी तयारच नव्हत्या. "हातात खुंटा असल्याबिगर ओवी येत न्हाई," म्हणाल्या. मग मूठमूठ ज्वारी घालत त्या दळायला बसल्या, तेव्हा कुठे रेकॉर्डिंग झालं.

दोन वर्षांपूर्वी आजी गेल्या. काही महिन्यांनी त्यांची नात शाळेत आली, फोन धरला. पडद्यावर भलतंच पान उघडलं: हा कोड बंद झाला आहे, चालू करण्यासाठी पैसे भरा. ती काही बोलली नाही. फोन पर्समध्ये ठेवला आणि जात्याच्या वरच्या तळीवरून हात फिरवत उभी राहिली. तो दिवस माझ्या मनातून जात नाही, म्हणून आज हा विषय घेतला.

हा कोड मुळात कारखान्यातला. 1994 साली जपानमधल्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला. मोटारीच्या सुट्या भागांच्या खोक्यांवर तेव्हा उभ्या रेघांचे बारकोड असत. एका बारकोडात जेमतेम वीसेक अक्षरं मावत, त्यामुळे एकाच खोक्यावर अनेक बारकोड लागत आणि ते वाचता वाचता कामगार थकून जात. हारांनी माहिती आडवी आणि उभी, दोन्हीकडून भरली. तीन कोपऱ्यांतले ते मोठे चौकोन नीट पाहा. त्यांतल्या कुठल्याही चौकोनाच्या मध्यातून, कोणत्याही दिशेने रेघ ओढली, तरी काळ्या-पांढऱ्याचं प्रमाण 1:1:3:1:1 असंच येतं. छापील कागदावर हे प्रमाण सहसा सापडत नाही, म्हणून मुद्दाम निवडलेलं. त्यामुळे फोन तिरका धरा, उलटा धरा, कोड ओळखू येतोच. खराब झालेला भाग भरून काढायची सोयही कोडात असते; ती सर्वांत जास्त ठेवली, तर सुमारे 30 टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो. शिवाय पेटंट असूनही कंपनीने त्याचा वापर सगळ्यांना खुला ठेवला. आज भाजीच्या गाडीवर तो दिसतो, त्यामागे हा मोठेपणा आहे.

पण आजींचा आवाज त्या चौकोनात नव्हता. आवाज मावण्याएवढी जागाच त्यात नसते, असतो तो इंटरनेटवरच्या पानाचा पत्ता. आणि आमच्या कोडात तर आमच्या पानाचाही पत्ता नव्हता. कोड फुकट बनवून देणाऱ्या एका सेवेचा होता, ती पुढे आमच्याकडे पाठवायची. तिने वाट बंद केली आणि ओव्या तुटल्या. रेकॉर्डिंग शाबूत, जातं शाबूत, मधला दुवा गेला.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला, आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना दिली. आम्ही हुरूप घेतला तो त्यांच्याकडूनच. फक्त एक फरक माझ्या लक्षात आला नव्हता. पुस्तकातला दुवा चुकला, तर पुढच्या आवृत्तीत सुधारता येतो. दगडाची दुसरी आवृत्ती निघत नाही.

आता आम्ही शाळेच्या नावाचा स्वतःचा पत्ता घेतला आहे. त्या पत्त्याचा पुढचा भागही मराठीत हवा, असा माझा हट्ट होता. करून पाहिलं. 'जाते' हा एवढासा शब्द दुव्यात शिरला की छत्तीस अक्षरांचा होतो, कारण देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रासुद्धा, तिथे नऊ अक्षरं खातं. पत्ता लांबला की ठिपके बारीक होतात, आणि साध्या फोनला ते वाचता येत नाहीत. म्हणून पत्त्यात नुसता आकडा ठेवला, जात्याचा 1. मराठी खाली ठसठशीत छापलं: कुणाचा आवाज, कुठलं गाव, आणि एक अख्खी ओवी. फोन नसलेला माणूसही रिकामा परत जाऊ नये. लॅमिनेशन काढून टाकलं, खिडकीतलं ऊन त्यावर चमकायचं. कोडाभोवती पांढरी कडा सोडली, ती नसली तर फोन गोंधळतो.

पत्त्याच्या नूतनीकरणाची तारीख डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेतल्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, जात्याच्याच ओळीत लिहिली आहे. मुख्याध्यापक बदलले की चार्ज देताना ते रजिस्टर हातात पडतंच.

नव्या पानावर रेकॉर्डिंग पूर्ण ठेवलं आहे. मध्येच एका ठिकाणी घरघर थांबते आणि आजी म्हणतात, "थांब, दाणं सरलं." ते आम्ही कापलेलं नाही.